लेखांक ६ : लखनौ, ग्वाल्हेर आणि काठमांडू

मागच्या आठवड्यात आपण १८४६ च्या कोतपर्वापाशी थांबलो होतो. जंगबहादुर राणाने एका रात्रीत दरबारातले प्रतिस्पर्धी कापून काढले आणि शहा राजांना नामधारी करून टाकले. ही नवी सत्ता टिकवायची तर इंग्रजांशी वैर परवडणार नव्हते. १८१६ च्या सुगौलीच्या तहाने नेपाळचा केवढा मुलूख गिळला होता, हे त्याला ठाऊक होते. १८५० मध्ये तो स्वतः विलायतेला जाऊन आला आणि इंग्रजांची ताकद डोळ्यांनी पाहून आला.

त्यामुळे १८५७ चा उठाव पेटला तेव्हा जंगबहादुर कुठल्या बाजूला जाणार, हे ठरल्यासारखेच होते. गोरखा फौज घेऊन तो लखनौवर चालून गेला. त्याचा मोबदला १८६० मध्ये मिळाला : बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर, म्हणजे पश्चिम तराईचा सुपीक पट्टा नेपाळकडे परत आला.

अगदी हाच हिशेब ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे मांडत होते. कण्हेरखेडच्या या पाटील घराण्यातल्या महादजींनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या पंखाखाली घेतले होते; पण १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियारच्या लढाया हरल्यापासून ग्वाल्हेर इंग्रजांच्या मुठीत होते. दिवाण दिनकरराव राजवाडे यांचा सल्लाही स्पष्ट होता : इंग्रजांची साथ सोडू नये. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी मुरारजवळ येऊन ठेपले. जयाजीराव तोफा घेऊन सामोरे गेले. पण लढाई लागताच त्यांचेच शिपाई समोरच्या फौजेला जाऊन मिळाले. अंगरक्षकांचे पथक तेवढे लढले. महाराजांनी आग्रा गाठले. गादीने इंग्रजांची बाजू घेतली होती, फौजेच्या मनात मात्र अजून पेशवे होते. मला या सगळ्या प्रकरणातला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. तीन आठवड्यांच्या आत इंग्रज सेनापती ह्यू रोजने जयाजीरावांना पुन्हा गादीवर बसवले, पण ग्वाल्हेरचा किल्ला त्यांच्या घराण्याला परत मिळायला १८८६ साल उजाडले.

आता पराभूतांकडे वळू. नानासाहेब पेशवे कुटुंबकबिल्यासह नेपाळच्या तराईत शिरले आणि तिथून त्यांचा माग इतिहासात हरवतो. त्यांच्या पत्नी काशीबाईंना मात्र काठमांडूत, थापाथळीत, आसरा मिळाला. तो दिला जंगबहादुरानेच. अवधच्या बेगम हजरत महल यांनाही त्याने ठेवून घेतले; १८७९ मध्ये त्या तिथेच वारल्या. लखनौ लुटायला इंग्रजांच्या बरोबरीने गेलेल्या माणसाच्या दारात त्याच लखनौच्या बेगमने उरलेले आयुष्य काढावे! पेशव्यांचे जडजवाहीरही याच जंगबहादुराने विकत घेतले. त्याचे औदार्य मी नाकारणार नाही, पण आश्रितांशी केलेला हा सौदा नजरेआड करणेही मला जमत नाही.

पुढे राणा घराण्यातच भाऊबंदकी माजली. १८८५ च्या रक्तपातानंतर वीर शमशेर सत्तेवर आले. त्यांचे भाऊ खड्ग शमशेर यांना मात्र पुढे नेपाळ सोडावे लागले. ते मध्य प्रांतातल्या सागरला येऊन राहिले. याच सागरच्या घरात आजोळी वाढलेली त्यांची नात १९४१ मध्ये जिवाजीराव शिंद्यांशी लग्न करून ग्वाल्हेरला आली. त्याच विजयाराजे शिंदे. शिंद्यांच्या रूढ मराठा सोयरिकीबाहेरचे हे लग्न होते.

तिथून पायंडा पडला. त्यांच्या कन्या उषाराजे पशुपती शमशेर राणा यांना दिल्या. हे पशुपती शमशेर म्हणजे शेवटचे राणा पंतप्रधान मोहन शमशेर यांचे नातू. १९६६ मध्ये विजयाराजेंचे पुत्र माधवराव शिंद्यांचे लग्न झाले तेही राणा पंतप्रधान जुद्ध शमशेर यांच्या घराण्यातल्या मुलीशी. तोवर ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते आणि १९५१ मध्ये राणांची सत्ताही संपली होती. इंग्रजांच्या मैत्रीवर शंभर वर्षे तगलेली ही दोन्ही घराणी इंग्रज गेल्यावर चार-पाच वर्षांत राज्याविना उरली. राणांची सत्ता नेमकी कशी कोसळली, ते पुढच्या लेखांकात पाहू.