ॲपवर नाव दिसतंय, मग मतदान केंद्रावर का नाही? समजून घ्या राज्य निवडणूक आयोगाचं काम

१५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांचं मतदान झालं. त्या दिवशी मी पुण्यात सकाळी आरामात शाळेत पोहोचलो. विधानसभेला तिथेच मत दिलं होतं आणि भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवरही तीच शाळा दिसत होती. यादी बघणारे काका म्हणाले, "तुमचं नाव इथे नाही." शोधाशोध केल्यावर कळलं की माझं केंद्र दुसऱ्याच शाळेत होतं. धावपळ झाली, पण मत दिलं.

माझ्या रूममेटचं मात्र राहूनच गेलं. तो ठाण्याहून पुण्यात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने पत्ता बदलायचा फॉर्म भरला. ॲपवर पुण्याचा पत्ता दिसायलाही लागला. पण महापालिकेच्या यादीत त्याचं नाव अजून ठाण्यातच होतं! आता मतदानाच्या दिवशी ठाण्याला कधी पोहोचणार?

मग प्रश्न पडतो, ॲप चुकलं का? नाही. आम्हीच चुकीच्या आयोगाचं ॲप बघत होतो. नीट समजून घेऊया.

आयोग एक नाही, दोन आहेत

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक राज्यात असा आयोग आला. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये सुरू झाला. राज्यघटनेतली कलमं आहेत २४३-के आणि २४३-झेडए.

राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात. पण त्यांना पदावरून काढायचं असेल तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना काढायची जी पद्धत आहे, तीच वापरावी लागते. म्हणजे सरकार नाराज झालं म्हणून आयुक्तांना घरी पाठवता येत नाही.

आयोग नेमकं काय करतो?

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करणं, आचारसंहिता लावणं, उमेदवारांच्या खर्चाचा हिशेब घेणं, मतदान आणि मतमोजणी करून घेणं, ही सगळी त्याची कामं. पण त्याच्याकडे स्वतःची मोठी फौज नसते. महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा परिषदेत जिल्हाधिकारी त्याच्या वतीने काम बघतात. केंद्रावर बसलेले शिक्षक आणि कर्मचारी त्या काळापुरते आयोगाच्या हाताखाली असतात.

खरी गोम मतदार यादीत आहे

राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदणी करत नाही. तो विधानसभेची तयार यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे करतो. त्यासाठी एक तारीख ठरवली जाते. या वेळी ती १ जुलै २०२५ होती. त्या दिवशी विधानसभेच्या यादीत तुम्ही जिथे होता, तिथलेच मतदार धरले गेलात. रूममेटचा फॉर्म सप्टेंबरचा, म्हणून तो ठाण्यातच राहिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रभागांच्या प्रारूप याद्या आल्या आणि हरकती मागवल्या गेल्या. नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलं असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत नसेल, तर ते तेव्हा दुरुस्त करून घेता येतं. नवीन नाव मात्र या टप्प्यावर घालता येत नाही. आम्ही दोघांनी ती यादी उघडूनही बघितली नव्हती, हे खरं.

याद्यांमध्ये काही नावांपुढे दोन स्टार होते. एकच माणूस दोन ठिकाणी नोंदला गेल्याची शंका असेल तर ती खूण केली होती. अशा मतदाराने कुठे मत देणार ते कळवायचं होतं.

मशीनसमोर काय वेगळं असतं?

पुण्यात एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडून येतात, म्हणजे मतंही चार द्यायची. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. एखाद्या जागेचा कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण जागा सोडू नका. सगळी मतं झाल्यावरच बझर वाजतो. मुंबईत मात्र एका प्रभागात एकच नगरसेवक, त्यामुळे मतही एकच. आणि हो, या निवडणुकीत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसत नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका.

नोटाचीही एक गंमत आहे. राज्य आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. लोकसभा आणि विधानसभेला तसं होत नाही.

आता काय करायचं?

१. घर बदललंय? निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आजच भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर फॉर्म ८ भरा. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६.

२. १७ वर्षं पूर्ण झाली असतील तर आगाऊ अर्ज करता येतो. वय मोजायला वर्षातून चार तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

३. प्रारूप यादी आली की स्वतःचं आणि घरच्यांचं नाव प्रभागासकट तपासा. हरकतीसाठी थोडेच दिवस मिळतात.

४. मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्राचा पत्ता राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरच बघा. मागच्या वेळची शाळा गृहीत धरू नका.

रूममेटचं नाव आता पुण्याच्या यादीत आहे, पण पुढची महापालिका निवडणूक पाच वर्षांनी. पाण्याच्या टँकरवरून आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवरून चिडचिड तो रोज करतो. ज्यांना जाब विचारायचा, ते नगरसेवक मात्र त्याच्या मताशिवाय निवडून आलेत.

तुमचं तसं होऊ देऊ नका. घर बदललेला एखादा मित्र असेल तर त्याला हे नक्की पाठवा!