एकच पट, दोन कायदे

दारव्हा, पुसद किंवा वणीतल्या एखाद्या घरात सुट्टीत बुद्धिबळाचा पट मांडला जातो आणि थोड्याच वेळात आजोबा-नातवाचं वाजतं. आजोबा प्यादं एक घर सरकवतात, नातू पहिल्याच चालीत दोन घरं. पुढे आजोबा राजाला घोड्यासारखी अडीच घरं उडवतात. ‘असा नियमच नाही,’ नातू म्हणतो. खरं तर दोघंही बरोबर असतात. आजोबा खेळतात ते देशी बुद्धिबळ, आणि शालेय स्पर्धांमुळे नातवाच्या अंगवळणी पडलंय ते आंतरराष्ट्रीय.

हा खेळ भारतातून इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. तेव्हा वजीर दुबळा होता, तिरका एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीकडे वजिराला आणि उंटाला आजचा लांब पल्ला मिळाला. प्याद्याची पहिली दुहेरी चाल आणि कॅसलिंगही युरोपातच रुजलं. हा बलाढ्य वजीर पुढे देशी पटावर आला, प्याद्याची दुहेरी चाल मात्र बहुतेक ठिकाणी आली नाही. आपल्याकडच्या खेळाडूंनी नव्यातलं हवं तेवढंच उचललं. गावोगावी बारीकसारीक फरक राहिले, पण ठळक नियम सारखे होते.

पहिली चकमक

आंतरराष्ट्रीय डावात एक प्यादं दुसऱ्या प्याद्याला दुसऱ्याच चालीत मारू शकतं. देशी डावात त्यासाठी तिसरी चाल यावी लागते. फरक एका चालीचाच, पण त्यानं डावाचा वेग पालटतो. देशीत दोन्ही सैन्यं आपापल्या बाजूला निवांत व्यूह रचतात. आंतरराष्ट्रीय डावात मधल्या चार घरांसाठी लगेच झटापट सुरू होते, म्हणून सुरुवातीच्या चाली पाठ कराव्या लागतात. दुहेरी चालीमुळे प्यादं शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवून पुढे निसटू लागलं. ती पळवाट बुजवायला ‘एन पासाँ’चा नियम आला. देशीत दुहेरी चालच नाही, त्यामुळे त्याची गरजही नाही.

राजाच्या बचावाची सोयही वेगळी. कॅसलिंगमध्ये राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. देशी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळते, तीही तोवर त्याला शह बसला नसेल तर. म्हणून देशीत लवकर दिलेला साधा शहसुद्धा वाया जात नाही, राजाची ती सवलत कायमची जाते.

कोणतं प्यादं वाचवायचं?

आंतरराष्ट्रीय नियमांत शेवटच्या घरात पोचलेल्या कुठल्याही प्याद्याचा वजीर करता येतो. देशीत प्यादं ज्या उभ्या रांगेत पोचतं त्या रांगेचं मोहरं होतं: कडेला हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट. वजीर हवा तर प्यादं मधल्या रांगांतूनच न्यावं लागतं. एकटा घोडा मात करू शकत नाही. त्यामुळे शेवटी घोड्याच्या रांगेतलं एकच प्यादं उरलं, तर आंतरराष्ट्रीय डावात विजयाची आशा असते. देशीत तेच प्यादं फारसं कामाचं नसतं.

सगळ्यात मोठा फरक विजयाच्या मोजमापात आहे. शत्रूचं सगळं सैन्य कापून राजा एकटा उरला की देशीत ‘बुर्जी’ होते. असा डाव बरोबरीचा, फार तर अर्धा जिंकलेला मानत. म्हणजे जिंकणाऱ्यानं समोरच्याचं एखादं मोहरं शिल्लक ठेवून मात करायची. प्याद्यानं केलेली ‘प्यादमात’ तर सर्वांत मानाची. आंतरराष्ट्रीय डावात वजिरानं केलेली मात आणि प्याद्यानं केलेली मात यांना सारखाच एक गुण. एका कायद्यात कसं जिंकलात हे विचारतात, दुसऱ्यात फक्त जिंकलात का एवढंच.

देशी वळणाचे खेळाडू

नियम बदलले तरी हाताचं वळण लगेच जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनशी युरोपीय नियमांनी खेळत. तरी प्यादी एकेक घर सरकवून उंट बाजूनं काढायची त्यांची रीत देशी होती. पुढे ‘किंग्ज इंडियन’ म्हणून गाजलेल्या बचावाचे सुरुवातीचे नमुने त्यांच्या डावांत सापडतात. पंजाबातले सुलतान खानही देशी पटावर शिकले. 1929, 1932 आणि 1933 साली ते ब्रिटिश विजेते झाले आणि त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. सुरुवातीच्या चालींत कच्चे आणि अखेरीस चिवट, अशी त्यांची ख्याती होती.

1924 साली पॅरिसमध्ये जागतिक महासंघ, फिडे, स्थापन झाला. 1955 साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी वाटून घेतलं. मान्यता, पुस्तकं आणि पदकं सगळी एका नियमावलीमागे गेली आणि देशी डाव घरापुरता उरला. आपल्या विदर्भातली नागपूरची दिव्या देशमुख 2025 साली बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली, तीही याच नियमांनी.

एखाद्या रविवारी घरी देशी डाव जरूर मांडा. मात्र पहिली चाल होण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: प्यादं किती घरं चालेल, शेवटच्या घरात त्याचं काय होईल आणि बुर्जीला किती गुण. नंतर जिंकायला आलात की शत्रूचं शेवटचं मोहरं मारायच्या आधी हात आवरा आणि प्याद्यानं मात होते का ते पाहा. ते जमवणं वजिरानं मात करण्यापेक्षा बरंच अवघड आहे.