रिकामा रकाना आणि शून्य

जव्हारच्या पठारावर आषाढ कसा कोसळतो, हे ज्याने पाहिले त्यास सांगावयास नको. घरच्या पर्जन्यमापकाचे माप रोज सकाळी साडेआठास, म्हणजे वेधशाळेच्या रीतीने, वहीत टिपण्याचा आमचा परिपाठ आहे. आमच्या नातवास महाविद्यालयातील प्रकल्पासाठी त्या वहीचा आलेख हवा होता. आम्ही चौकटींचा कागद काढला. त्याने संगणक उघडला. "आजोबा, तुमचे आठ दिवसांचे काम हा आठ क्षणांत करील," असे तो म्हणाला, आणि झालेही तसेच.

पण आलेख पाहून आम्ही थक्क झालो. 5/7 म्हणजे आमची 5 जुलै; यंत्राने ती परदेशी रीतीने 7 मे वाचली आणि वैशाखात मुसळधार पाऊस पाडला! 13/7 पासून पुढे तेरावा महिना सापडेना, म्हणून त्या तारखा मुकाट्याने गाळल्या. ही खोड काढली, तो ऐन जुलैत दोन दिवस पाऊस शून्य! त्या दिवशी आम्ही तापाने अंथरुणास खिळलो होतो. माप घेतले नाही म्हणून रकाना मोकळा ठेविला होता. यंत्राने मोकळ्या जागेस शून्य मानले. रेघ टोकेरी दिसते म्हणून नातवाने ती गुळगुळीत करण्याची आज्ञा दिली, तर ती शून्याच्याही खाली उतरली. ऋण पाऊस म्हणजे काय, आभाळाने जमिनीतले पाणी परत ओढून घेतले?

मोठमोठे संशोधकही यातून सुटलेले नाहीत. 'मार्च1', 'सेप्ट1' अशा नावांची काही जनुके होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. ज्या शोधनिबंधांस जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे पंचमांशांत असल्या चुका 2016 सालच्या एका तपासणीत आढळल्या. अखेर 2020 साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. खोगीर बसेना म्हणून घोड्याची पाठ तासावी, त्यातलाच हा प्रकार!

वस्तू न दिसणे यासही भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धि' नावाचे प्रमाण मानतात. पण अट अशी, की वस्तू असती तर ती दिसलीच असती. उजेडात भुईवर घट दिसला नाही, तर घट नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. शून्य हा उजेडातला निर्णय. रिकामा रकाना हा अंधार होय.

हा वाद पावसापुरता असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 साली सारा महाराष्ट्र हादरला होता. बालकाचा क्षय वेळीच ओळखण्याचे साधन म्हणजे वजनाचा आलेख: आडवे वय, उभे वजन, आणि शेजारी जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली दिलेल्या प्रमाणरेषा. आता मोखाड्याकडील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. मूल बाहेरगावी असता ज्या महिन्यांत त्याचे वजन झाले नाही, ते रकाने रिकामे. तेथे कार्तिकाचा ठिपका ज्येष्ठाच्या ठिपक्यास सरळ रेघेने जोडला, तर मधल्या काळात बालक सुखाने वाढत होते असे भासेल. फाल्गुनात ते खंगले असेल, तर ती रेघ ते झाकून टाकील. शून्य दाखविणारे यंत्र निदान उघड खोटे बोलते. ही सुबक रेघ गोड खोटे बोलते, आणि तेच अधिक घातक.

यंत्रावर आमचा राग नाही. मात्र घरोघरच्या मुलांस आमचे सांगणे असे: पहिला आलेख हाताने काढा, तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा, ठिपके पुसू नका, आणि जेथे माप नाही तेथे रेघ तोडा.

नातवाने आलेख सुधारला. जुलैत आता रेघ तुटलेली आहे. "परीक्षकांनी कारण विचारले तर?" त्याने पृच्छा केली.

आम्ही म्हणालो, "खरे ते सांग. आजोबांस ताप होता."