पोर म्हणते, ढोरांची डॉक्टर होणार!

मैत्रिणींनो, पोरगी अभ्यासात बरी निघाली की आपण मनातल्या मनात तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालून मोकळ्या होतो, नाही का? माझ्या बहिणीनेही घातला होता. पण हदगावच्या त्या घरात एका संध्याकाळी चहा पिता पिता माझी भाची म्हणाली, "मला माणसांची नाही, ढोरांची डॉक्टर व्हायचंय." बहिणीच्या हातातली बशी तशीच राहिली. सासूबाई तर ताडकन म्हणाल्या, "माय, पोरीच्या जातीनं अडलेल्या गायीत हात घालायचा का? अन् मग हिला करून कोण घेणार?"

हसू नका. तुमच्या-माझ्या घरीही हेच झाले असते.

या पोरीच्या डोक्यात हे आले कुठून, ते सांगते. 2022 च्या पावसाळ्यात लम्पीची साथ आली. अंगभर गाठी, ताप, तोंडातून लाळ. हा रोग माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. माणसाला होत नाही. तरी शेजारच्या वहिनींनी भीतीने दुधाचा रतीब बंद केला. (दूध चांगले उकळून घेतले की झाले, पण ऐकते कोण!) त्या वेळी गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. भाची अकरावीत. चुलत्यांच्या शेतावर लाल कंधारीची जोडी होती, तिला टोचायला डॉक्टर आले तेव्हा ही दावे धरून उभी राहिली. मग दुसऱ्या गोठ्यात, मग तिसऱ्या. नंतर सुट्टीच्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यात जाऊन बसू लागली. डॉक्टरांनी हाकलले नाही, उलट थर्मामीटर कुठे लावायचा, रवंथ थांबला की काय समजायचे, हे दाखवले.

हे सांगण्याचे कारण असे, की अमेरिकेत यासाठी विद्यापीठांतून चक्क मंडळे असतात. तिकडे पशुवैद्यकाचा चार वर्षांचा अभ्यास बहुधा पदवीनंतर सुरू होतो. म्हणून कॉलेजातली मुले आधीच एकत्र जमतात, दवाखाने आणि गोठे पाहतात, डॉक्टरांना बोलावून ऐकतात. डॉक्टरांच्या हाताखाली किती तास काढले त्याची नोंद ठेवतात, आणि प्रवेशाच्या वेळी ती विचारलीही जाते. कित्येकांना त्या दिवसांतच कळते, की आपल्याला कुत्र्याची पिल्ले आवडतात, पण रक्त बघवत नाही! हे वेळेवर कळलेले बरे.

आपल्याकडे बारावीनंतर लगेच प्रवेश. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला हे आधी कळावे कसे? तर मंडळ नसले तरी गोठा आहे. शहरात वाढलेल्या मुलीला दोन-चार रविवार तालुक्याच्या दवाखान्यात, लसीकरणाच्या शिबिरात, एखाद्या दूधवाल्याच्या गोठ्यात पाठवा. आणि तुम्हीही एकदा सोबत जा.

आता प्रवेशाचे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवे, आणि नीट परीक्षा द्यावी लागते. पण नीट दिली म्हणजे झाले असे नाही हो! नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला मुले 'माफसू' म्हणतात, त्याचा अर्ज वेगळा. एमबीबीएसचा फॉर्म भरला म्हणजे यातही नाव आले, असे समजून बसलेले एक घर मला माहीत आहे. पोराचे वर्ष गेले. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे सरकारी महाविद्यालये आहेत. परभणीचे 1972 चे, उदगीरचे 1987 चे. अभ्यास साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. माणसांच्या डॉक्टरकीइतकाच लांब. 'नंबर लागला नाही म्हणून ढोरांकडे' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भाचीला परभणी मिळाले. पहिल्या वर्षी हाडेच हाडे! गायीची, म्हशीची, शेळीची, घोड्याची, सगळी ओळखायची. फॉर्मॅलिनच्या वासाने आठ दिवस तिला जेवण गेले नाही. फोनवर रडली. बहीण म्हणाली, "ये घरी." तर तीच म्हणाली, "नको, उद्या धार काढायची पाळी आहे." मुलींना वर्गात एकटे वाटत असेल, असा आमचा समज होता, पण मुली पुष्कळ आहेत म्हणे. मद्रासच्या कॉलेजातून सक्कुबाई रामचंद्रन 1952 साली पशुवैद्यक झाल्या तेव्हा गोष्ट निराळी होती. आणि आयर्लंडच्या अलीन कस्ट या बाईंनी तर शिक्षण 1900 सालीच संपवलेले, पण बाई म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. रीतसर मान्यता मिळाली ती 1922 साली. बावीस वर्षे त्या तशाच काम करीत राहिल्या.

सासूबाईंचा प्रश्न मात्र अगदीच खोटा नव्हता. काम जोखमीचे आहे, ते झाकून ठेवू नये. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने काढली तर ब्रुसेल्लोसिस नावाचा रोग माणसाला होऊ शकतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात. घरी गोठा असेल तर हे तुम्हालाही लागू आहे, बरं का! वार उचलताना हातमोजे घाला, कच्चे दूध कुणाला देऊ नका. रेबीजची लस या मुलांनी कुत्रा चावण्याची वाट न पाहता आधीच घ्यायची असते. तुमची मुलगी जाणार असेल तर तिने ती घेतली का, हे आईने विचारावे. डबा-लोणच्याआधी विचारावे.

लग्नाचे काय, असे तुम्ही विचारणारच. दोन स्थळे आली होती. एकांनी विचारले, "लग्नानंतर हे काम सोडेल ना?" बहीण नाही म्हणाली. मला वाटले होते ती गप्प बसेल. दुसरे अजून कळवतो म्हणालेत.

परवा दिवाळीला भाची आली तेव्हा चुलत्यांची कालवड पहिल्याच खेपेला अडली होती. रात्रीची वेळ. डॉक्टर यायला उशीर होता. हिने सांगितले, "मी अजून शिकतेय, मी ओढणार नाही, तुम्हीही ओढू नका." डॉक्टर येईपर्यंत तिने चौघा बाप्यांना दोर लावू दिला नाही. वासरू जिवंत निघाले. सासूबाई गोठ्याच्या दारात कंदील धरून उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. सकाळी मात्र मला हळूच म्हणाल्या, "पोरीच्या पायात बापाचे बूट व्हते. तिच्या मापाचे मिळत न्हाईत का?"

खरंच मिळत नाहीत हो. दुकानात गमबूट सहा नंबरपासून पुढे, आणि तिचा पाय चार नंबरचा. नांदेडला कुणी जाणार असेल तर सांगा.