कढीपत्त्यावरची बहुरूपी

सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन परत निघालात, की वाटेत एखाद्या परसातला कढीपत्ता जरा वाकून बघा. पावसाळ्याचे दिवस असले तर पानावर पाखराची शीट पडल्यासारखी दिसेल. काडीने हलकेच डिवचा. शीट मान वर करते, डोक्यामागून लालसर रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची अळी. नाहीतर तिचं चुलत भावंड, लाइम बटरफ्लाय. मोठी झाली की दोन्ही हिरव्यागार होतात. लिंबाची बाग राखणारा शेतकरी त्यांना कीड म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

कॉमन मॉर्मनचा नर साधा. काळे पंख, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र एकाच जातीत तीन तऱ्हांची. एक नरासारखीच. दुसरी हुबेहूब कॉमन रोझ या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. हे दोन्ही रोझ अळीच्या वयात ईश्वरीच्या जातीच्या विषारी वेली खातात आणि ते विष अंगात साठवतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या मादीकडे विष नाही, नुसता वेष आहे.

आपल्याकडे बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येऊन दरडावतो. क्षणभर पोटात गोळा येतो, तो खरे पोलीस असतात म्हणून. गावात सगळेच तसल्या वेषात फिरू लागले तर त्याला कोण भिणार? मॉर्मनचंही तसंच. सोंगं फार झाली की पक्ष्यांना धडा मिळत नाही आणि सोंगाचा फायदा उतरतो.

या वेगवेगळ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे आल्फ्रेड वॉलेसने 1865 मध्ये मलय द्वीपसमूहातल्या फुलपाखरांवर लिहिताना मांडलं. पुढचं कोडं मात्र शंभरावर वर्षं सुटेना. रंग आणि नक्षी सगळं एकगठ्ठा पिल्लात उतरतं. अर्धी रोझ, अर्धी मॉर्मन अशी मादी सहसा निघत नाही. ब्रिटनच्या क्लार्क आणि शेपर्ड यांनी संकर करकरून 1972 मध्ये निष्कर्ष छापला, की हे सगळं गुणसूत्रावरच्या एकाच जागेतून चालतं. तिथे बरीच जनुकं शेजारी शेजारी चिकटून बसली असावीत, असा तर्क होता. त्याला नाव मिळालं सुपरजीन.

हे कोडं सोडवणाऱ्यांत पुढे होते पुण्यात शिकलेले कृष्णमेघ कुंटे. त्यांची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, मोजणीत झाली. उत्तर सह्याद्रीतल्या चार अधिवासांत ऋतूमागून ऋतू फुलपाखरं मोजून त्यांनी 1997 मध्ये निबंध छापला: पावसाच्या आरंभापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फुलपाखरं भरपूर, मग उन्हाळा संपेपर्यंत ओहोटी. मावळात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण वाटणं वेगळं आणि मोजून आकडे मांडणं वेगळं. 2000 मध्ये द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे टेक्सास विद्यापीठात पीएच.डी., मग हार्वर्ड.

मार्च 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जनुकांची मोळी नव्हतीच. सगळा कारभार एकाच जनुकाचा निघाला, आणि तेही ‘डबलसेक्स’. कीटकाचं शरीर नराचं घडणार की मादीचं, हे ठरवण्यातला हा जुना कारभारी. मॉर्मनमध्ये त्याच्या आसपासचा गुणसूत्राचा तुकडा उलटा होऊन बसला आहे. त्यामुळे सोंगाची प्रत आणि साधी प्रत यांची सरमिसळ होत नाही, नक्षी अखंड राहते. सोंगाची प्रत नराच्या अंगातही असू शकते, पण त्याच्या पंखावर ती उमटत नाही. लेकीच्या पंखावर उमटते. दुसऱ्याच वर्षी जपानी संशोधकांनी वाढत्या पंखात हे जनुक दाबून पाहिलं, तर सोंगाची नक्षीच बिघडली.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की यासाठी दुर्मीळ प्राणी लागला नाही. आपल्या फोडणीच्या झाडावरचं पाखरू पुरलं.

हार्वर्डनंतर कुंटे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आले. त्यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर देशभरातले हौशी लोक छायाचित्रं देतात. तेव्हा कढीपत्त्यावर शीट हलताना दिसली तर लगेच औषधाचा पंप काढू नका. दोन फांद्या तिच्यासाठी सोडा, मादी निघाली तर तिचं छायाचित्र घ्या, आणि सोबत गावाचं नाव नि तारीख लिहायला विसरू नका.