किडनीतली गाठ, पायातली कळ

पहाटे ४:३०
वरणगाव, एप्रिल महिना. ओट्यावर बसून तो बूट घालतो. डावा पाय उचलला की कमरेतून कळ निघते. कुल्ल्यातून मांडीच्या मागे, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. तो थांबतो, श्वास सोडतो, मग लेस बांधतो. वय बावन्न. जवळजवळ वीस वर्षं केळीचे घड वाहतोय. बायको डबा भरते. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पिशवीत सोनोग्राफीचा लिफाफा आहे का, ते ती दोनदा बघते. तो आज दवाखान्यात दाखवायचा आहे.

५:१५
छोटा हत्ती टेम्पोत नऊ माणसं. उभं राहिलं तर पाय दुखतो, बसलं तर जास्त दुखतो. म्हणून तो दांडीला धरून अर्धा वाकून उभा राहतो. गावात १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. तिथल्या कामगाराला पगारी रजा मिळते. या टोळीत एक दिवस घरी राहिलं, तर त्या दिवसाचे पैसे गेले.

६:००
तापीकाठची बाग. कापणारा विळ्याने दांडा तोडतो, घड खाली येण्याआधी वाहणारा खांदा देतो. घड हिरवाच हवा, साल खरचटलेली चालत नाही. उत्तरेकडे जायला तीन-चार दिवस लागतात. एक घड वीस किलोच्या आसपास, चांगला पोसलेला पंचवीसचा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घड. सरीत ठिबकच्या नळ्या, पायाखाली ओली माती. बांधापर्यंत जायचं, तिथे अंथरलेल्या पानांवर घड ठेवायचा, परत यायचं. घड ठेवताना कमरेत वाकून वळावं लागतं. त्याची कळ नेमकी तेव्हाच येते. त्याच्यासोबत बागेत दोन तास मी हेच बघत होतो. डोक्यावर ओझं घेऊन सरळ चालताना तो फारसा कण्हत नाही. वाकून वळला की चेहरा बदलतो.

८:३०
न्याहारी. चिकाने काळे पडलेले हात बांधावरच्या मातीत घासून धुतात. जोडीदार म्हणतो, "किडनीत गाठ हाये म्हंजे तीच नस दाबू राह्यली, भो. काढून टाक." गावातल्या कोणीतरी त्याला सांगितलंय, शहरात दुर्बिणीने काढतात, चाळीस-पन्नास हजार लागतात. त्याने मेहुण्याशी उसनवारीचं बोलून ठेवलंय. सोनोग्राफीला नऊशे गेलेच आहेत.

भाकरी झाल्यावर तो खिशातून पट्टी काढतो. डायक्लोफेनॅक. सकाळी एक, रात्री एक, दोन महिने झाले. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. गोळी दोन घोट पाण्यावर. पोटात पाणी डुचमळलं की ओझं उचलवत नाही, म्हणून कामावर तो पाणी कमीच पितो.

११:४५
गाडी भरली. मजुरी क्विंटलवर, टोळीत वाटून. आज त्याच्या वाट्याला सहाशे. त्यातले तीस जाण्यायेण्याचे. ऊन आता सोसण्यापलीकडचं. सकाळपासून त्याने एकदाच लघवी केली, तीही गडद पिवळी.

दुपारी ४:००
वरणगावचं ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरला पैसे लागत नाहीत. बाकावर वीसेक माणसं. पाऊण तासाने नंबर येतो.

डॉक्टरबाई तरुण आहेत. रिपोर्ट वाचतात, बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "काका, आधी उताणं झोपा." डावा पाय सरळ ठेवून टाचेकडून वर उचलतात. वीतभर उचलला तोच तो ओरडतो. उजवा पाय आरामात वर जातो. मग त्याला चवड्यांवर चालायला लावतात. डावी टाच नीट उचलली जात नाही. घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारतात. उजवं पाऊल उडतं, डावं गप्प.

"ही नस मणक्यापाशी दबलीय. किडनीपाशी नाही."

त्याचा विश्वास बसत नाही. रिपोर्टात छापलंय ना! बाई कागदावर चित्र काढतात. किडन्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. पायात जाणारी मोठी नस कमरेच्या शेवटच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून निघते, बरीच खाली. किडनीचं दुखणं कुशीत जाणवतं, जांघेत उतरतं. मुतखड्याची कळ तशी असते. ते पोटरीतून करंगळीपर्यंत जात नाही. आणि गाठ आहे उजव्या किडनीत, दुखतोय डावा पाय.

"मग गाठ?"

गाठ २.४ सेंटिमीटरची. पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी. साधी सिस्ट. पन्नाशीपुढच्या बऱ्याच माणसांच्या सोनोग्राफीत अशी सापडते, आणि बहुतेकांना ती आयुष्यभर जाणवतही नाही. फार मोठी झाली, आत रक्त उतरलं किंवा पू झाला, तर कुशीत दुखतं. क्वचित ती जांघेकडे जाणाऱ्या बारीक नसांनाही दाबते. जाड भिंतीची, आत पडदे असलेली गाठ मात्र नीट तपासावी लागते. दोन्ही किडन्या गाठींनी भरलेल्या असतील आणि आईला किंवा वडिलांनाही तसंच असेल, तर तो वेगळा, घराण्यात चालणारा आजार. बाई हे सगळं विचारून घेतात. त्याच्याकडे यातलं काही नाही.

मग त्या गोळ्यांचं विचारतात. तो पट्टी दाखवतो. बाईंचा आवाज पहिल्यांदा चढतो. "उन्हात, पाणी न पिता, रोज दोन? काका, गाठ काही करणार नाही. या गोळ्या किडनी खातील." रक्तदाब १५०-९०. किडनी नीट चालते का ते बघायला क्रिएटिनिनसाठी रक्त तिथेच घेतात, फुकट.

५:३०
गोळ्या बदलल्या. वाकून ओझं उचलणं सहा आठवडे बंद, पण दिवसभर झोपून राहायचं नाही, चालायचं. तेवढ्यात कळ ओसरली नाही, तर जळगावला जाऊन मणक्याचा एमआरआय. पाऊल लुळं पडलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबायचं नाही. हे वाक्य बाई त्याच्याकडून म्हणवून घेतात.

रात्री ८:००
मुकादमाच्या ओट्यावर. सहा आठवडे ओझं बंद म्हटल्यावर मुकादम बराच वेळ बोलत नाही. शेवटी म्हणतो, "काट्यावर बस. वजन लिही." काट्याचे साडेतीनशे. तो हो म्हणतो. मेहुण्याला फोन करून सांगतो, पैसे नकोत. क्रिएटिनिनचा रिपोर्ट परवा मिळेल. ज्यांच्या खिशात अशी पट्टी आहे, त्यांनीही ती तपासणी करून घ्यावी.