कर्सरखालचं झाड

लेखमाला : प्रोग्रामरची हत्यारं – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण शोधाचं हत्यार पाहिलं. हजारो ओळींतून हवा तो नमुना रेग्युलर एक्स्प्रेशन कसं वेचून काढतं, ते समजून घेतलं. एक गोष्ट मात्र बाकी राहिली होती. कंसात कंस, त्या कंसात आणखी एक कंस, असा मजकूर कितीही खोल जाणारा असेल, तर नमुन्यानं शोधणं थकतं. त्याला खोली मोजता येत नाही. आज त्या खोलीत उतरायचं आहे.

उदाहरणाला डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं चिखले घेऊ. हा सगळा पट्टा चिकूच्या वाड्यांचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. समजा, इथल्या एखाद्या वाडीचा हिशेब ठेवणारा छोटासा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला आहे. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत देता येतात, तेव्हा त्यातली एक ओळ अशी असेल :

रक्कम = भाव * (वजन - तूट)

तुम्ही ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचलीत. अर्थ लावताना मात्र क्रम वेगळा होता. आधी वजनातून तूट वजा केलीत, जे उरलं त्याला भावानं गुणलंत आणि आलेला आकडा रक्कम या नावावर टाकलात. ओळीच्या पोटात एक झाड दडलेलं आहे. सगळ्यात वर ‘नावावर टाकणं’, त्याच्या एका फांदीवर रक्कम, दुसरीवर गुणाकार. गुणाकाराखाली एकीकडे भाव आणि दुसरीकडे कंस, कंसात वजाबाकी, आणि अगदी खाली वजन नि तूट ही दोन पानं. संगणकशास्त्रात झाड नेहमी असं उलटं, मूळ वर ठेवून काढतात. याला सिंटॅक्स ट्री म्हणतात.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हे अनोळखी वाटू नये. ‘चिखले गावच्या वाडीतले चिकू आजीने टोपलीत भरले’ या वाक्याचं पृथक्करण आपण वहीत रकाने आखून करत होतो. आजीने हे उद्देश्य, चिकू हे कर्म, ‘चिखले गावच्या वाडीतले’ हा कर्मविस्तार, टोपलीत हा विधेयविस्तार आणि भरले हे विधेय. कर्मविस्तार उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य उभं राहतं, आणि ‘गावच्या वाडीतले चिकू आजीने’ एवढाच तुकडा उचलला तर हाती काहीच लागत नाही, हे त्या रकान्यांनी आपल्याला शिकवलं. व्याकरणाचा हा तास प्रोग्रामिंगची उत्तम पूर्वतयारी आहे, असं माझं ठाम मत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कुणीतरी हे सांगायला हवं.

फरक आहे तो काटेकोरपणाचा. मराठी वाक्याची दोन-दोन पृथक्करणं संभवतात. म्हणूनच विनीत रविशंकर यांनी २०१७ मध्ये मराठीची वृक्षपेढी (ट्रीबँक), म्हणजे पृथक्करण केलेल्या वाक्यांचा संग्रह, मांडली, तेव्हा त्यातल्या वाक्यांची झाडं माणसानं बसून लावावी लागली. प्रोग्रामिंगच्या भाषेचं व्याकरण आधीच नियमांत बांधलेलं असतं, त्यामुळे हे काम यंत्रावर सोपवता येतं.

आता एडिटरकडे वळू. साध्या एडिटरला फक्त अक्षरं आणि ओळी माहीत असतात. एक अक्षर पुढे, एक शब्द मागे, एक ओळ खाली, एवढीच त्याची चाल. झाड जाणणाऱ्या एडिटरमध्ये कर्सर ‘तूट’वर ठेवा आणि ‘वर चढ’ म्हणा. आधी ‘वजन - तूट’ निवडलं जाईल. पुन्हा म्हणा, कंसासकट निवडलं जाईल. मग अख्खा गुणाकार, मग पूर्ण ओळ, मग ती ओळ ज्या लूपमध्ये आहे तो लूप, आणि शेवटी सबंध फंक्शन. प्रत्येक थांब्यावर हाती येतो तो अर्थपूर्ण तुकडा. अर्धा कंस कधीच येत नाही. तसंच एका फांदीवरून शेजारच्या फांदीवर जाता येतं : या फंक्शनवरून पुढच्या फंक्शनवर, पहिल्या पॅरामीटरवरून दुसऱ्यावर. शेजारच्या कॉमेंटमध्ये कुणी ‘वजन - तूट’ लिहून ठेवलं असलं तरी गोंधळ होत नाही. शोध तिथे अडखळला असता. झाडाच्या लेखी ती निव्वळ कॉमेंट आहे, वजाबाकी नव्हे.

करून पाहायचं असेल तर हेलिक्स हा फुकट मिळणारा एडिटर घ्या. तो टर्मिनलमध्ये चालतो, त्यामुळे जुन्या संगणकावरही भार होत नाही. त्यात ऑल्ट-ओ दाबलं की वरच्या फांदीवर, ऑल्ट-आय दाबलं की परत खाली, ऑल्ट-एन आणि ऑल्ट-पी दाबलं की शेजारच्या फांद्यांवर. ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांना कंट्रोल-मेटा-यू ओळखीचं असेल. तिथे कंसांच्या आधारानं वर चढण्याची सोय फार जुनी आहे, कारण लिस्प भाषेत कंस म्हणजेच झाड.

खरं तर झाड ही कम्पाइलरची जुनी मालमत्ता. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी कम्पाइलर तो असाच उकलून घेतो. या विद्येची महाराष्ट्रातही चांगली परंपरा आहे. पास्कल या प्रोग्रामिंग भाषेच्या पी-कम्पाइलरवरच्या झुरिकमधल्या टिपणांत लेखक म्हणून ज्यांचं नाव पहिलं येतं, ते केशव नोरी पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये होते. १९८१ साली सुरू झालेल्या या केंद्रात प्रोग्रामचं विश्लेषण करणाऱ्या साधनांवर बरंच काम झालं. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसी या मुक्त कम्पाइलरचं अंतरंग उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. तिथे शिकलेल्या मुलांनी एकच प्रोग्राम कम्पाइलरच्या पोटात एकामागून एक रूपं कशी घेतो, हे स्वतः पाहिलं.

मग हे झाड एडिटरमध्ये यायला इतकी वर्षं का लागली? कारण कम्पाइलरला पुरा झालेला प्रोग्राम मिळतो. एडिटरला मिळतो तो मोडका. तुम्ही ‘रक्कम = भाव * (वजन -’ एवढं टाइप करून विचार करत थांबलात की त्या क्षणी व्याकरण तुटलेलं असतं. प्रोग्रामर दिवसातला बहुतेक वेळ अशा तुटक्या अवस्थेतच काम करत असतो.

कॉर्नेल विद्यापीठात टिम टाइटेलबॉम आणि थॉमस रेप्स यांनी यावर एक कडक उपाय काढला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रोग्राम सिंथेसायझरमध्ये विधानांचे साचे आयते मिळत आणि लिहिणाऱ्यानं फक्त मोकळ्या जागा भरायच्या. झाड कधी मोडायचंच नाही! कल्पना सुंदर होती. पण माणूस आधी खरडतो, खोडतो, अर्धं सोडून दुसरीकडे जातो. ती मोकळीक काढून घेणारं हत्यार फार काळ हातात राहत नाही, असं मला वाटतं.

दुसरी वाट बर्कलीत टिम वॅग्नर आणि सुझन ग्रॅहम यांनी १९९० च्या दशकात दाखवली. माणसाला हवं तसं लिहू द्यायचं आणि प्रत्येक बदलानंतर झाडाची तेवढीच फांदी नव्यानं बांधायची. त्या संशोधनाचा आधार घेऊन मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ट्री-सिटर ही लायब्ररी लिहिली, आणि २०१८ मध्ये ती गिटहबच्या ॲटम एडिटरमध्ये आली. ॲटम पुढे २०२२ मध्ये बंद पडला, ट्री-सिटर मात्र पसरत गेली. निओव्हिम या एडिटरनं ती २०२१ मध्ये घेतली, ईमॅक्सनं २०२३ मध्ये.

तिचं काम असं चालतं. तुम्ही एक अक्षर टाइप केलं की एडिटर तिला बदलाची जागा कळवतो : कितव्या बाइटपासून, जुना शेवट कुठे, नवा शेवट कुठे. त्या जागेला स्पर्श करणाऱ्या फांद्या तेवढ्या शिळ्या ठरतात. बाकीचं झाड जसंच्या तसं पुन्हा वापरलं जातं, त्यामुळे फाइल दहा हजार ओळींची असली तरी टाइप करणाऱ्याला थांबावं लागत नाही. व्याकरण तुटलेलं असेल तर ती अनेक शक्यता एकाच वेळी चालवून पाहते आणि ज्या वाटेनं कमीत कमी मोडतोड होईल ती निवडते. न जुळणारा भाग ‘एरर’ म्हणून बाजूला टाकते आणि नुसता बंद करणारा कंस लिहायचा राहिला असेल तर तिथे ‘मिसिंग’ अशी खूण करते. बहुतेक वेळा वरची-खालची फंक्शनं शाबूत राहतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की अपुऱ्या मजकुरालाही अर्थ असतो असं गृहीत धरून हे यंत्र बांधलेलं आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘चिखले’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे पाच घटक होतात, कारण वेलांटी आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवला की तोच शब्द पंधरा बाइटचा. ट्री-सिटर ओळीतली जागा बाइटमध्ये मोजते. एडिटर बनवणाऱ्यानं हे तिन्ही हिशेब नीट जुळवले नाहीत, तर मराठी मजकुराच्या पुढची प्रत्येक खूण सरकते. लाल रेघ चुकीच्या शब्दाखाली उमटते आणि नवशिक्या स्वतःलाच दोष देतो. असं दिसलं तर ती एडिटरची चूक समजा आणि बनवणाऱ्यांना न संकोचता कळवा. मराठीत कोड आणि कॉमेंट लिहून पाहणारे वाढतील, तसे हे दोष उघडे पडतील आणि दुरुस्त होतील.

झाडाचीही एक मर्यादा आहे. ‘भाव’ हे एक नाव आहे आणि ते गुणाकाराच्या डाव्या फांदीवर बसलं आहे, एवढं ते सांगतं. हा भाव कोणत्या फाइलमध्ये ठरला, तो आकडा आहे की मजकूर, आणि आणखी कुठे कुठे वापरला आहे, हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी अख्ख्या प्रोग्रामचा अर्थ समजणारा वेगळा जोडीदार लागतो. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये मांडलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे असा एकच जोडीदार कितीतरी एडिटरांना वापरता येऊ लागला. त्याची ओळख पुढच्या आठवड्यात करून घेऊ.